एका बोटाचे दोन धनी

आमच्या कारखान्यात शिरायच्या दाराला सगळे ‘सासू’ म्हणतात. हे नाव ज्यानं ठेवलं त्याची अक्कल मानली पाहिजे. बोट दाखवा, तोंड दाखवा, बोलून दाखवा, वजन होऊ द्या, आणि एवढं करूनही बाईंचं समाधान होईलच असा भरवसा नाही.

खरं म्हणजे दार एक नाही, दोन आहेत. मधे एक खोका, कपड्यांच्या कपाटाहून जरा मोठा. बाहेरचं दार कुणालाही उघडतं. तुम्ही आत शिरलात की ते मागून बंद होतं, आणि तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध होईपर्यंत पुढचं दार उघडत नाही. कमरेजवळच्या काचेवर बोट टेकवायचं, समोरच्या कॅमेऱ्यात पाहायचं, मग पडद्यावर ‘काहीतरी बोला’ असं आलं की बोलायचं. काहीही चालतं. कुणी पाढे म्हणतं, कुणी मुकादमाला शिव्या देतं. सासूला शब्दांशी देणंघेणं नाही, तिला फक्त आवाज हवा असतो. पायाखालची फरशी वजनकाट्याची आहे. एकशेदहा किलोच्या वर काटा गेला की आत दोन माणसं आहेत असं धरून ती बोंब मारते. आम्ही इंजेक्शनची औषधं भरतो, त्यामुळे चुकीचं माणूस आत जाता कामा नये, हे मलाही पटतं. पटत नाही ते एवढंच, की त्या मंगळवारी सकाळी त्या खोक्यात मी गुडघ्यांवर बसलो होतो, माझ्या डोक्यावर आत्याचा हात होता, आणि दोन्ही दारं बंद पडली होती.

‘या बोटाचे दोन धनी आढळले आहेत,’ सासू गोड आवाजात म्हणाली. ‘कृपया शांत राहा. सुरक्षा अधिकारी येत आहेत.’

आत्या म्हणाली, ‘काय म्हणते रे ही?’

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, माझ्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं.

आता मुळापासून सांगतो. ही सासू घरात आणली ती माझ्याच हातानं. कारखान्यातल्या चारशे बारा माणसांची नोंदणी मी केली. टेबल, पडदा, बोटाची काच, कॅमेरा, मायक्रोफोन, आणि मागं मी. दोन दिवसांचं शिक्षण झालं होतं. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्याला परतीची गाडी गाठायची होती, म्हणून त्यानं शेवटची पानं भराभर उलटली आणि म्हणाला, बाकीचं पुस्तिकेत आहे. मी पुस्तिका उघडली नाही. पुस्तिका वाचून काम शिकणाऱ्यांतला मी नव्हेच.

आत्या माझ्या रांगेत तेरावी होती. ही माझ्या वडिलांची बहीण. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा आई आणि बाबा एका महिन्याच्या अंतरानं गेले, आणि तिनं मला कॉलनीतल्या तिच्या दोन खोल्यांत आणलं. तेव्हापासून मी तिथंच आहे. मला ती शहाण्या म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे अजून मला कळलेलं नाही.

आत्या बाटल्या धुण्याच्या खात्यात होती, एकतीस वर्षं. बाटल्या यंत्रात धुऊन निघतात, पण यंत्रातून आलेली बाटली खरंच स्वच्छ आहे की नाही ते आमच्याकडे बोटानं पाहतात. तोंडाच्या कडेवरून बोट फिरवायचं. सोड्याचा एक कण राहिला असेल तरी लागतो. हातमोज्यातून लागत नाही, म्हणून या बायका हातमोजे काढून ठेवतात. नियमात बसत नाही, पण मुकादम तिकडे बघत नाही, कारण खराब म्हणून परत येणाऱ्या बाटल्या आमच्या कारखान्याच्या सगळ्यांत कमी आहेत. आत्याचं बोट तर खात्यात प्रमाण. दोघींचं भांडण लागलं की बाटली तिच्याकडे येई. ती डोळे मिटून कडेवरून बोट फिरवी आणि म्हणे, ‘घे परत.’ त्यावर अपील नाही.

आणि त्याच बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती. सोड्यानं आणि काचेनं सगळं खाऊन टाकलं होतं. लहानपणी ताप बघायला ती माझ्या कपाळावर बोटं ठेवायची, तेव्हा काचेची पट्टी ठेवल्यासारखं गार आणि गुळगुळीत लागायचं.

दहाही बोटं लावून झाली. ‘ठसा आढळला नाही.’ पुन्हा दहा. ‘ठसा आढळला नाही.’ मागं रांग खोकायला लागली.

‘राहू दे रे,’ आत्या म्हणाली. ‘नाही म्हणतंय ना ते. मी साहेबांशी बोलते.’

साहेबांनी भिंतीवर कागद लावला होता: ज्याची नोंद नाही त्याला सोमवारपासून प्रवेश नाही. आत्याच्या निवृत्तीला तेव्हा एक वर्ष राहिलं होतं. पूर्ण नोकरी करून निवृत्त होणाऱ्याला कॉलनीतली खोली मरेपर्यंत मिळते. मधेच नोकरी गेली तर महिन्याभरात रिकामी करावी लागते. मी कंत्राटी, माझ्या नावावर खुंटीसुद्धा नाही. मला राग आला. साहेबांचा नाही, त्या काचेचा. एकतीस वर्षं चारशे माणसांनी जिच्या बोटावर विश्वास ठेवला, तिला ही काच सांगते तुला बोटच नाही.

मी तिचा हात बाजूला सारला आणि माझी उजवी तर्जनी टेकवली. हिरवा दिवा. ‘उत्तम ठसा.’

‘हे काय केलंस?’ आत्या कुजबुजली.

‘तुझं काम केलं.’

‘मला नकोय असलं काही. पूस ते.’

‘पुसता येत नाही. कॅमेऱ्यात बघ. मागं रांग आहे.’

तिनं बघितलं. तिच्या नोंदीतल्या फोटोत ती अजून माझ्याकडे रागावून बघते आहे. वाढप्यानं शेवटी जेवावं तशी मी माझी स्वतःची नोंद सगळ्यांत शेवटी केली, चारशे बारावी. तीच तर्जनी, हाताच्या सवयीनं. आधीची काढून पाहायचं यंत्राला तेव्हा सुचलं नाही, आणि मला सुचवायचं नव्हतं.

मला वाटलं होतं, दाराशी उभं राहून तिच्या खांद्यावरून हात पुढे केला की झालं. सोमवारी पाहतो तर हा खोका. बोट दिलं की हात धरतात म्हणतात, मला तर अख्खा आत ओढला.

आत्या एक्केचाळीस किलो, मी सहासष्ट. एकशेसात. बेरीज करून मी तिला घेऊन आत शिरलो आणि खाली बसलो. कॅमेऱ्याला तिचं तोंड दिसलं, काचेला माझं बोट दिसलं, आणि आवाज मागितल्यावर आत्या म्हणाली, ‘आले बाई, उघड आता.’ उघडलं. मग मी बाहेर जायच्या दारानं बाहेर आलो, पुन्हा रांगेत उभा राहिलो आणि या खेपेला स्वतः म्हणून आत गेलो. बाहेरच्या दाराला एक लहानशी काच आहे. आम्ही आत असताना बाटलीखात्यातल्या बायका त्या काचेकडे पाठ करून दाटीनं उभ्या राहायच्या आणि मोठमोठ्यानं हसायच्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांचीही बोटं त्याच वाटेवर होती.

पाच महिने हे चाललं. पाच महिन्यांत मी एक दिवस रजा घेतली नाही. तापात गेलो, दाढ सुजली तेव्हा गेलो. सकाळचं खाणं सोडलं, कारण थंडीत स्वेटर चढले की काटा एकशेनऊवर जायचा. दुसऱ्या शहरातून चांगल्या जागेचं पत्र आलं होतं. ते मी आत्याला न दाखवता ट्रंकेच्या तळाशी घातलं. रात्री कधी कधी वाटायचं, हिच्या निवृत्तीला अजून किती दिवस? मग स्वतःचीच लाज वाटायची, कारण तीही मनात तेच मोजत असणार, माझ्यासाठी.

तर तो मंगळवार. आदल्या दिवशी वरून काहीतरी नवं आलं होतं, सगळ्यांची बोटं सगळ्यांच्या बोटांशी ताडून पाहणारं. पडद्यावर दोन फोटो आले. आत्याचा, हिरव्या चौकटीत, खाली ‘मूळ नोंद’. माझा, लाल चौकटीत, खाली ‘संशयित’.

मी ते दोनदा वाचलं. यंत्राचा हिशेब सरळ होता. ज्याची नोंद आधी, बोट त्याचं. आत्या तेरावी, मी चारशे बारावा. म्हणजे माझ्या हाताला जन्मापासून असलेलं बोट आत्याचं ठरलं होतं, आणि ते चोरणारा मी.

‘आत्या,’ मी हळूच म्हणालो, ‘ही मला चोर म्हणते आहे. तू खरी आहेस.’

‘मग बरंय की,’ ती म्हणाली.

मायक्रोफोन चालू होता. तिनं त्यावर तळवा दाबून धरला. मी तिला खाली बसवलं, तर हात पोहोचेना. मग मी उठून माझा हात तिथं ठेवला. फरशीच्या कडेला काटा लुकलुकत होता: एकशेसात. कुणीही कसंही बसलं, उभं राहिलं, तरी एकशेसातच. वरच्या जाळीतून हवा येत होती, पण पुरेशी नाही. बाहेर बायकांच्या पाठी तशाच होत्या, फक्त हसणं थांबलं होतं.

‘ऐक,’ मी म्हणालो. ‘मी सांगतो की मी तुझं बोट चोरलं. माझी नोकरी जाईल. गेली तर गेली. सात महिने काढ, खोली राहील.’

‘आणि उद्या?’

‘उद्या काय?’

‘उद्या मी या खोक्यात उभी राहीन तेव्हा बोट कुणाचं लावू?’

मी खोटं बोललो तरी ती अडकणार, खरं बोललो तरी तीच अडकणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिथं निदान मधे उभं राहायला जमीन असते.

‘तुझं डोकं लहानपणापासून असंच,’ आत्या म्हणाली. ‘पहिलं पाऊल झकास. दुसरं टाकायचं असतं हेच लक्षात राहत नाही.’ मग म्हणाली, ‘ते पत्र मी वाचलंय बरं का. ट्रंक माझी आहे.’

‘कधी?’

‘आलं त्याच आठवड्यात. वाट बघत होते, कधी सांगतोस त्याची.’

मला रडू आलं. खोक्यात रडायलाही जागा नव्हती. कोपर वर केलं तर बटणांना लागत होतं.

पाऊण तासानं फौजी आला. हा आमचा सुरक्षा अधिकारी, पूर्वी सैन्यात होता, माणूस वाईट नाही, पण नियमाबाहेर शिंकणारसुद्धा नाही. त्यानं काचेतून आत पाहिलं, एका माणसाच्या जागी दोन दिसले, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

‘हे रेकॉर्ड होतंय,’ तो बाहेरच्या माइकवरून म्हणाला. ‘एकेकानं बोला. हे बोट कुणाचं?’

मी श्वास घेतला. मला म्हणायचं होतं, माझं आहे, मी दिलं, ती नको म्हणत होती. एवढंच. तीन वाक्यं.

आत्या माझ्या आधी बोलली. ती भिंतीला धरून उठली, माझा हात माइकवरून काढून जाळीच्या कडेला आपला तळवा टेकून उभी राहिली, आणि बाटली परत करताना बोलायची त्याच आवाजात म्हणाली, ‘बोट याचं आहे. माझ्या बोटांना रेघा नाहीत, हे बघा. नोंदणीच्या वेळी मीच याच्या मागं लागले. तो नाही म्हणत होता. मी म्हटलं, तुला लहानाचा मोठा केला तो कशाला? मग बिचारा काय करणार?’

‘असं आहे का?’ फौजीनं मला विचारलं.

आत्यानं मागं न बघता माझ्या पायावर पाय दिला. एक्केचाळीस किलो, सगळे.

खरं न बोलायला पाय हे नुसतं निमित्त होतं, एक्केचाळीस किलो कुणालाही सरकवता येतात. मला माझी नोकरी दिसली, ते पत्र दिसलं, आणि तिनं सगळं बोलून टाकलंय तर आता आपण बोलून काय होणार, असला हलकट विचार मनात आला. तो विचार माझाच होता. तो मी आत्याच्या नावावर टाकणार नाही.

‘असंच आहे,’ मी म्हणालो.

दार उघडलं.

दुपारी साहेबांनी मला नोंदणीच्या टेबलाशी बोलावलं. फौजी शेजारी उभा. मला नुसती लेखी ताकीद मिळाली, कारण यंत्र चालवणारा दुसरा कुणी नव्हता. साहेब पुस्तिका चाळत होते.

‘तुम्ही डोळा का नाही घेतलात?’ त्यांनी विचारलं.

‘कुठला डोळा?’

त्यांनी पान माझ्यापुढं सरकवलं. बोटाचा ठसा तीनदा आला नाही, तर ‘इतर’ या बटणाखाली जाऊन डोळ्याच्या बुबुळाची नोंद घ्यावी. टेबलावरच्याच कॅमेऱ्यानं घेता येते. पाव मिनिट लागतं.

‘चार-चार गोष्टी एकत्र कशासाठी केल्यात?’ साहेब म्हणाले. ‘एक लंगडी पडली तर बाकीच्यांनी उचलून धरावं म्हणून. तुमच्या आत्याबाईंचं तोंड होतं, आवाज होता, डोळे होते. बोटाची गरजच नव्हती.’

‘मग आता घेऊ या डोळा,’ मी म्हणालो. ‘आत्ता बोलावतो तिला.’

‘आता नाही. खोट्या नोंदीवर पुन्हा नोंद होत नाही. नियम आहे.’ त्यांना वाईट वाटत होतं, असं मला वाटतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘रद्द करा. कारण: फसवणूक, स्वतःच्या कबुलीवरून.’

आत्याचा रागावलेला फोटो उघडला. मी कारण निवडलं. पडद्यानं विचारलं, नक्की? मी ‘होय’ दाबलं. मग तो म्हणाला, चालकानं बोट टेकवावं.

मी तर्जनी टेकवली. दुसरं काही टेकवायचं सुचलंच नाही. पाच महिन्यांची सवय.

हिरवा दिवा. ‘बोट जुळले,’ पडद्यावर आलं. ‘नोंदधारक स्वतः उपस्थित. कबुली नोंदधारकाच्या ठशाने कायम करण्यात आली आहे. धन्यवाद, बाई.’

फौजीनं खाकरून दुसरीकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण मी खूपदा केलंय, पण असं कधी नाही. जे माझं तोंड बोललं नाही, ते माझ्या बोटानं करून टाकलं होतं, तिच्या नावानं. त्यानंतर ते बोट कायमचं बाद झालं, आणि साहेबांनी माझं डावं बोट नोंदवून घेतलं.

संध्याकाळी घरी गेलो तर आत्या खोकी बांधत होती. महिनाभर अवकाश होता, पण तिला कुठलंच काम शेवटच्या दिवसावर टाकता येत नाही. मी तिला डोळ्याचं सांगितलं. सांगायला नको होतं, पण नाही सांगितलं असतं तर ती आणखी एक लपवलेली गोष्ट झाली असती.

तिनं दोरीला गाठ मारली, तिच्यावरून बोट फिरवून बघितलं, सोडली, आणि पुन्हा मारली.

‘पाव मिनिट?’ तिनं विचारलं.

‘पाव मिनिट.’

‘हं,’ ती म्हणाली. ‘त्या पत्राचं उत्तर लिही आज. दोन खोल्या मिळतात का ते आधी विचार.’

उत्तर मी लिहिलं. चार दिवसांनी पलीकडून कळवलं, जागा केव्हाच भरली.

पण ते नंतरचं. दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी, मी एकटा रांगेत उभा राहिलो. बाटलीखात्यातल्या बायका पुढं होत्या. त्यांतल्या एकीनं मला पाहिलं आणि पाठ केली. मग दुसरीनं. मग सगळ्यांनीच. पाठी त्याच होत्या, रोज आम्हाला झाकणाऱ्या. आत्यानं माझ्या मागं लागून बोट घेतलं, ही गोष्ट साहेबांनी मानली होती, फौजीनं मानली होती. या बायका नोंदणीच्या दिवशी रांगेत होत्या, आत्याच्या मागं चौदावी, पंधरावी, सोळावी. कुणी कुणाचा हात बाजूला सारला ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

माझी पाळी आली. बाहेरचं दार मागून बंद झालं. काटा सहासष्टवर थांबला. रोज दुसऱ्या खेपेला मी एकटाच असायचो, पण एकट्यासाठी खोका केवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच दिसलं. मी डावं बोट टेकवलं. हिरवा. कॅमेऱ्यात पाहिलं. हिरवा. ‘काहीतरी बोला.’

मायक्रोफोन माझ्या तोंडासमोर होता. त्याच्या जाळीच्या कडेला आत्याच्या तळव्याचा डाग अजून होता, नुसता धुरकट गोल, एकही रेघ नसलेला.

‘बोट मी दिलं,’ मी मोठ्यानं म्हणालो. ‘तिनं मागितलं नव्हतं. ती नको म्हणत होती. मी काल खोटं बोललो.’

यंत्र क्षणभर थांबलं.

‘आवाज जुळला,’ सासू गोड आवाजात म्हणाली. ‘आत या.’

दार उघडलं. मागं रांग होती. मी आत गेलो.